गाडी तपासायला माणूस आला

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. तिथे सासऱ्यांची जुनी गाडी उभी, आणि मी माझी पहिली गाडी बुक करून बसलेली. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी सासऱ्यांचं ड्रायव्हिंग कधीच बंद केलं होतं. गाडी नुसती धूळ खातेय, असं मला वाटायचं. विकून टाकू, मी जाहीर केलं. नवरा म्हणाला, "बाबांना तू सांग." आईबापाला काही सांगायचं म्हटलं की याची दातखीळ बसते. मग मीच सांगितलं. सासरे "बरं" म्हणाले, एवढंच.

गाडीशी माझं काही वाकडं नव्हतं हो. लग्नानंतर सासूबाईंच्या माहेरी, समुद्राकाठच्या मोरा गावी, मी पहिल्यांदा गेले ती त्याच गाडीने. परतताना डिकीत सुकट आणि बोंबलांच्या पिशव्या. मी साताऱ्याची, पनवेल येईपर्यंत नाकावरची ओढणी काढली नाही. "काच खाली कर, पन तोंड वाकडा नको करू," सासरे आरशातून म्हणाले, आणि पुढच्या सीटवर सासूबाई जे हसत सुटल्या! पुढे त्याच सुकटीसाठी मी दिरांशी भांडायला लागले, तो भाग वेगळा. फार हसायचो आम्ही त्या गाडीत.

तर एका रविवारी जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला आला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. आमची जागा बिल्डिंगच्या मागे, पंपरूमजवळ. मी खाली उतरले तर सासू-सासरे आधीच गाडीशी हजर.

"ह्यो दरवाजा ठोकलेला हाय," सासऱ्यांनी त्याला सलामीलाच सांगितलं. "टेम्पोनी मारलाय."

मी डोळे वटारले. पण ऐकतील तर सासरे कसले! "इंजिन तापतंय. पावसाचा पानी पन शिरला व्हता."

"इथपरेंत," म्हणून सासूबाईंनी कमरेला हात लावून दाखवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढा सत्यवादीपणा? तोही गिऱ्हाईक दारात आल्यावर? पण आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या माणसाने एक छोटं यंत्र दरवाजाला लावलं, मग सगळ्या गाडीला लावत फिरला. आत बसून सीटबेल्ट पार टोकापर्यंत ओढून बघितला. बाहेर येऊन म्हणाला, "अंकल, कलर सगळा कंपनीचाच आहे. दरवाजाला कुणी हातपण नाही लावलेला. आणि पाणी शिरलं असतं तर पट्ट्याला चिखल दिसला असता. काहीच नाही."

सासरे पंपरूमच्या भिंतीकडे बघायला लागले. सासूबाई पदराने स्वच्छ आरसा पुसायला लागल्या. म्हणजे दोघं मिळून चक्क थापा मारत होते! का, ते मात्र मला कळेना.

"पण मॅडम, एक प्रॉब्लेम आहे," तो मला म्हणाला. "टायर एका जागी उभे राहून चपटे झालेत, म्हणजे गाडी चालत नाही. चावी फिरवली की गाणी लागतात, पण बॅटरी पार बसत आलीये. इंजिन बंद ठेवून कुणीतरी रोज गाणी ऐकतं बघा. दोन्ही सीट मागे टेकवलेल्या आहेत, खाली शेंगांची टरफलं पडलीत."

रोज संध्याकाळी दोघं "पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली जायचे. मी म्हणायचे, बरं आहे, शुगर ताब्यात राहील. घरी एकच बेडरूम, ती आमची. त्यांची गादी हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये पोरांचा टीव्ही, माझे ऑफिसचे कॉल, येणारे-जाणारे. दोघांना दार लावून बोलत बसायला घरात जागाच नव्हती. अगं बाई, मी त्यांची खोली विकायला काढली होती! मला तिथेच रडू आलं.

"रेट टाकू का मॅडम?"

"ब्रेक लागत नाहीत हिचे," मी म्हणाले. "क्लचपण गेलाय. राहू द्या."

तो वैतागून निघून गेला आणि सासरे माझ्यावर उखडले. "ब्रेक लागत नाय? माझ्या गारीचे? सोताच्या डोल्यादेखत नवीन टाकून घेतलेत!"

"बाबा, आता बॅटरी तेवढी नवीन टाकू," मी म्हणाले. "गाणी मधेच बंद पडत असतील."

सासरे पुन्हा पंपरूमच्या भिंतीकडे बघायला लागले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. सत्तरीची बाई कानापर्यंत लाल झाली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

माझी नवी गाडी मग गेटबाहेर झाडाखाली उभी राहिली. सकाळी कावळ्यांची घाण पुसताना मी शिव्या घालायचे, नाही असं नाही.

आता ते दोघंही नाहीत. पंपरूमजवळ माझी गाडी लागते. कधीकधी ऑफिसमधून आल्यावर मी वर जात नाही, खालूनच नवऱ्याला फोन करते.

"खाली ये."

"का गं? काय झालं?" तो घाबरतो.

"काही नाही झालं. बसू जरा."