निशाणी नांगर

माझ्या काकांनी वीसेक वर्षांपूर्वी एका परक्या माणसासाठी डोक्यावरचे केस काढले, आणि त्यापायी गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न अडलं.

आमचं घर सेनगाव तालुक्यातलं, साधं शेतकऱ्याचं. आखाडा बाळापूरकडे आमच्याच आडनावाचं एक जुनं वतनदार घराणं आहे. आपला मूळपुरुष किल्लेदार होता असं ते सांगतात. तोच आमचाही मूळपुरुष, असं काका सांगत. त्या घरातले वडीलधारे वारले तेव्हा कुणी निरोप धाडलेला नसताना काका जीपनं गेले, दहाव्याला भावकीच्या रांगेत बसले आणि मुंडण करून परत आले. रांगेत बसलेल्या माणसाला न्हावी वंशावळ विचारत नाही. पुढं काकांनी आमच्या फाटकावर सिमेंटच्या दोन तलवारी बसवल्या. त्यातली एक दुसरीपेक्षा आखूड आहे.

मी या सगळ्याला हसत असे, पण मनातल्या मनात. काकांच्या पंच्याहत्तरीला स्मरणिका काढायची ठरली तेव्हा घरातला मराठीचा मास्तर म्हणून ती मीच लिहिली. ‘रक्ताच्या नात्याची साक्ष त्या मुंडणाने दिली’ हे वाक्य माझं आहे. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

मग मुलीनं ती शिकवते त्या शाळेतल्या एका शिक्षकाचं नाव सांगितलं. दोघांचं ठरलं होतं. मुलगा त्याच वतनदार घराण्यातला निघाला. मी बोलणी करायला गेलो तर मुलाचे आजोबा स्मरणिका उघडूनच बसले होते. काकांनी मुंडण केलं ते यांच्याच वडिलांसाठी.

“गुरुजी, तुमीच लिहून राहिले की आपलं रगत एक. मग भावकीत सोयरीक कशी करावं?”

काकांचंही तेच. “बहीणभाऊ लागतेत ते. लोक तोंडात शेण घालतील.”

मुलगी रडली नाही. म्हणाली, “बाबा, तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच निस्तरा.”

हिंगोलीत एक वंशावळ मंडळ आहे. त्याच्या लेटरहेडवर अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि तीन उपाध्यक्ष आहेत. प्रत्यक्षात रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोनच माणसं बसतात. मोडी वाचणाऱ्या एक निवृत्त बाई आणि आयुष्यभर उर्दू शिकवलेले एक सर. मी जरा तुच्छतेनंच गेलो होतो. इथं येणाऱ्या प्रत्येकाला एकेक सरदार वाटून देत असतील, असा माझा समज होता.

“कोणापर्यंत पोचायचंय?” बाईंनी विचारलं.

“कुणापर्यंत नाही. एक नातं नाही असं निघालं तर बरं होईल.”

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “जोडून द्या म्हणणारे रोज येतात. तोडून द्या म्हणणारे तुम्ही पहिले.”

बाईंनी सगळी हकिगत ऐकून एकच प्रश्न केला. “तुमच्या काकांनी त्यांचं सुतक पाळलं. तुमच्याकडचं कुणी गेलं तेव्हा त्यांच्यातलं कोण आलं?”

माझे आजोबा गेले, वडील गेले, काकू गेली. कुणीच आलं नव्हतं. इतकी वर्षं हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

“एकाच बाजूनं भावकी नसते,” बाई म्हणाल्या. “पण हा नुसता संशय झाला. कागद पाहिजे.”

सरांनी निजामाच्या काळातल्या उर्दू नोंदी पाहिल्या. खापरपणजोबांच्या वर काही जाता येईना. तेव्हा बाई म्हणाल्या, “वतनदार कागद वाचत नसतील, पण फेकतही नाहीत.” मुलाच्या आजोबांनी घरातला मोडी कागदांचा गठ्ठा अभिमानानं दिला. त्यातून किल्लेदाराची सनद निघेल अशी त्यांची आशा होती.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मी काकांना घेऊन गेलो. ते फेटा बांधून आले होते.

बाईंनी एक पिवळा कागद पुढं सरकवला. शेत कसायला घेणाऱ्या कुळानं वतनदाराला दिलेला लेख होता तो. त्यात आमच्या खापरपणजोबांचं नाव होतं, त्यांच्या वडिलांचं होतं, आणि लिहिलं होतं की मूळचे राहणार पैनगंगेपलीकडचे, वतनदारांचं पिंपळाचं शेत कसायला घेतलं आहे. पिंपळाचं शेत अजून आमच्याकडे आहे. काका त्यात सोयाबीन घेतात.

“आन् आडनाव?” काकांनी विचारलं.

“परगावचा माणूस,” सर म्हणाले. “ज्यांचं शेत करायचा त्यांच्याच नावानं गावानं ओळखला असणार.”

कागदाच्या तळाशी सहीच्या जागी एक चित्र होतं आणि शेजारी शब्द, निशाणी नांगर. बाईंनी समजावलं की लिहिता न येणारा शेतकरी नांगर काढायचा, हत्यार बाळगणारा कट्यार. त्याच गठ्ठ्यात वतनदारांच्या कागदांवर कट्यार होती.

माझा श्वास मोकळा झाला. पण काकांचा चेहरा बघून तो मी हळूच सोडला.

काकांनी कागद लांब धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “रुमणं बराबर काढलंय. धरायला जागा ठिवलीय.” आणि थोड्या वेळानं, “मंग म्या केस कुनासाठी काढले?”

“परत उगवले ना, काका?” सर म्हणाले. “मग तकलीफ काय?”

सेनगावला उतरताना काका म्हणाले, “पोरीला सांग, मी आडवा येत न्हाई.” फाटकातून आत जाताना त्यांनी वर पाहिलं नाही.

आता कुळाची पोर म्हणून तिकडचे नाक मुरडतील, ही नवी धास्ती मला लागली. पुढच्या आठवड्यात काकांना घेऊन मी बाळापूरकडे गेलो. मुलाच्या आजोबांनी बाईंनी करून दिलेली नक्कल दोनदा वाचली. सनद न निघाल्याचं वाईट त्यांनाही वाटलं असावं. मग काकांकडे बघून म्हणाले,

“म्हंजे माझ्या बापाच्या दहाव्याला तुमी उगंच बोडके झाले?”

“उगंच काहून? जेवून आलो की.”

आजोबांना हसता हसता ठसका लागला. पाणी प्यायल्यावर त्यांनी आत हाक मारली, “अडकित्ता आणा गं, सुपारी फोडायचीय.”

सुपारी फुटल्याबरोबर मी ओट्यावर येऊन मुलीला फोन लावला.

“कागद पटला त्यांना,” मी म्हणालो. “तू त्याची बहीण नाहीस.”

“ते आम्हाला आधीपासून माहीत होतं, बाबा,” ती म्हणाली, आणि मग मात्र रडली.