कान्याचं भांडण

कोरणीबाईंशी कुणाचं पटत नसे, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. मोठ्या सरकारी बागेच्या मागच्या अंगाला, खताच्या कोठाराला चिकटून, त्यांची कामाची खोली होती. एक खिडकी, एक लाकडी ठोकळा आणि पत्र्याच्या पाट्यांची चळत. बागेतल्या प्रत्येक झाडाची पाटी त्या हाताने कोरत. बावीस वर्षं कोरत होत्या. खरं नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं. माळी आत डोकावला की त्या वर न बघता म्हणत, "काम सांग आणि नीघ."

नवे साहेब आले ते कल्पना घेऊनच. जुन्या पाट्यांवर सफरचंदाला नासपतीच्या प्रजातीत घातलेलं होतं. शास्त्राने ते कधीच बदललंय, तेव्हा सफरचंदाच्या वाफ्यातल्या एकतीस झाडांना नव्या पाट्या हव्यात, आणि लॅटिन नाव आपल्या लिपीतही हवं, असं त्यांनी फर्मावलं. स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली: मलुस डोमेस्टिका.

बाईंनी चिठ्ठी उजेडात धरली. "साहेब, 'म'ला काना नको का? मागे एका पुस्तकात 'मालुस' वाचल्यासारखं वाटतंय."

"बाई, इंग्रजीत 'एम'नंतर 'ए' एकच आहे. तुम्हाला कोरायला ठेवलंय, शिकवायला नाही."

बाईंनी जसं लिहिलं होतं तसं एकतीस वेळा कोरलं.

पाट्या लागल्या त्या सकाळी साहेबांनी पाहुणे बोलावले होते. त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत लॅटिन शिकवलेलं. पहिल्याच झाडापाशी त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि खो खो हसल्या.

"अहो, मलुस म्हणजे वाईट! दुष्ट! एकतीस झाडांवर 'घरगुती दुष्ट' लिहून ठेवलंय तुम्ही!"

पाहुणे हसले. माळी हसले. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी मागे वळून कोरणीबाईंकडे बोट केलं. "आमच्या बाईंचं शिक्षण बेताचं. काना खाल्ला त्यांनी."

"चिठ्ठी तुमची होती," बाई म्हणाल्या.

"कसली चिठ्ठी?"

बाई तशाच खोलीकडे धावल्या. खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी जागेवर नव्हती. ती कुणी काढली हे विचारायची गरज नव्हती. दुपारी कारकून निरोप घेऊन आला: आठ दिवसांत लेखी माफी द्या, नाहीतर खोलीची किल्ली जमा करा.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "लिहून टाक ना दोन ओळी. साहेबाशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय? तुझी जीभच तशी, त्यालाही किती दोष द्यायचा?"

"घरगुती दुष्ट कोण ते आत्ता कळलं मला," बाई म्हणाल्या आणि मिठाची बरणी त्याच्यासमोर आदळली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या शिक्षिकेच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुम्ही हसलात आणि माझ्या गळ्याला फास लागला. आता मला तो शब्द नीट समजावून सांगा."

शिक्षिकेने आत या म्हटलं नाही. "साहेबांना पत्रबित्र लिहायला सांगणार असाल तर मी त्यात पडणार नाही."

"पत्र नको. शब्द हवाय."

मग मात्र म्हातारीचे डोळे चमकले. उंबऱ्यावर उभ्या उभ्याच तिने धडा दिला. काना नसलेला मलुस म्हणजे वाईट. मलेरिया म्हणजे वाईट हवा, त्यातही तोच 'मल'. काना असलेला मालुस म्हणजे सफरचंदाचं झाड. आणि त्याच कान्याचा आणखी एक मालुस, तो जहाजाची डोलकाठी.

"झाड स्त्रीलिंगी आणि डोलकाठी पुल्लिंगी. रोमन लोकांची झाडं बहुतेक बायकाच. तुमच्या पाटीवर एक नाही, दोन चुका आहेत. वाईट तो पुल्लिंगी, आणि पुढे डोमेस्टिका ती. जमतच नाही."

"लॅटिन छापताना काना दाखवत नाहीत का?"

"बहुधा नाही. जाणणाऱ्याने जाणायचा. आपली लिपी बरी, तिच्यात लपवता येत नाही." एवढं बोलून तिने दार लावलं. निरोपाचा शब्दही नाही. बाईंना त्याचा राग आला, आणि म्हातारी आवडलीही.

आठव्या दिवशी त्यांनी कागद दिला. त्यात माफी नव्हती. लिहिलं होतं: 'मी चिठ्ठीप्रमाणे कोरलं. शब्दात चुका दोन आहेत, दोन्ही चिठ्ठीतल्या. काना कमी आहे हे मी आधी विचारलं होतं.' साहेबांनी कागद वाचला, फाडला, किल्ली मागितली आणि बाईंना माळीकामावर धाडलं.

चार महिने बाई तण उपटत होत्या, तेही सफरचंदाच्याच वाफ्यात. गुडघे सुजले. माळी येता-जाता "काय मलुसबाई" म्हणत. ज्यांच्या पोरांच्या नावाच्या पाट्या त्यांनी फुकट कोरून दिल्या होत्या तेही. एकाच्या अंगावर त्यांनी ओल्या मातीचं ढेकूळ भिरकावलं. नेम चुकला, याची त्यांना पुढे कित्येक दिवस हळहळ वाटली.

मग वरून तपासणीचं पत्र आलं. एकतीस चुकीच्या पाट्या दाखवायच्या कशा? बाहेरच्या एका कारागिराने एक पाटी दुरुस्त करून पाहिली. पत्रा फाटला आणि ती बदलावी लागली; सगळ्याच बदलायला वेळ नव्हता. शेवटी साहेब स्वतः वाफ्यात आले. तीन माळी कुदळी टेकून बघत होते.

"बाई, काना बसेल का मध्ये?"

"बसेल. मी अक्षरं मोकळी ठेवते."

"मग घ्या करायला. किल्ली पाठवतो."

बाई उठल्या नाहीत. "आधी सांगा, काना कुणी खाल्ला?"

"झालं असेल माझ्याकडून."

"असेल नाही."

साहेबांनी माळ्यांकडे पाहिलं. एकही जण जागचा हलला नाही. "झालं माझ्याकडून," ते म्हणाले. "चिठ्ठी माझी होती."

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दोन दिवसांत उरलेल्या तीसही पाट्यांवर काना बसला, मूळचाच वाटावा इतका बेमालूम. तपासणी करणाऱ्यांनी पाट्यांची तारीफ केली, ती साहेबांनी हसतमुखाने स्वीकारली.

पुढची पाच वर्षं दोघं एकाच आवारात वावरले आणि एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. काम असलं की कारकून मधे धावे. बाई निवृत्त झाल्या तेव्हा साहेबांनी हार घातला आणि भाषण केलं. "इतक्या वर्षांत बाईंची आणि माझी कधी साधी कुरबुरही झाली नाही," ते म्हणाले.

"झाली," बाई बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाल्या.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. बाईंनी हार काढून खुर्चीवर ठेवला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि मधल्या वाटेने चालत बाहेर पडल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.