बंद दवाखान्याचा कागद

आमच्या इमारतीचे जिने झाडणाऱ्या शांताबाईंना कुत्रा चावला होता. तिसऱ्या इंजेक्शनची तारीख महापालिकेच्या दवाखान्यानेच त्यांच्या कार्डावर लिहून दिली होती. त्या दिवशी मीही सोबत गेले, तर दाराला कुलूप. वर कागद चिकटवलेला: ‘सार्वजनिक सुट्टीनिमित्त दवाखाना बंद राहील.’

“सोमवारी या,” पहारेकरी म्हणाला.

“तारीख आजची दिलीय की!” शांताबाईंनी कार्ड पुढे धरलं. “कुत्र्यानं काय सुट्टी बघून चावायचं?”

त्याने नुसतं कागदाकडे बोट दाखवलं. माझं मात्र डोकं फिरलं. सुट्टी डॉक्टरांना हवी, नर्सनाही हवी; त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तारीख लिहिताना समोरच्या कॅलेंडरवरचा लाल आकडा कुणालाच दिसू नये? दवाखाना बंद आहे हे सांगायला कागद मिळतो, मग उघडा कुठला आहे हे सांगायला एक ओळ जड होते? चावलेल्या माणसाने सोमवारपर्यंत नुसतं घाबरत बसायचं?

रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरकारी रुग्णालयात गेलो. दोन मिनिटांत इंजेक्शन झालं.

“इथे रोज मिळतं,” नर्स म्हणाली, “सुट्टीलासुद्धा.”

परतताना मी दवाखान्यापाशी रिक्षा थांबवली आणि इंजेक्शन आज कुठे मिळेल, ते त्या कागदावर ठळक अक्षरांत लिहू लागले.

“अहो बाई, सरकारी कागद आहे तो!” पहारेकरी ओरडला.

“म्हणूनच लिहितेय,” मी म्हटलं.