बिनमिरचीच्या भरिताचा पंचनामा

वांग्याच्या भरिताचा पंचनामा मी अख्ख्या नोकरीत एकदाच केला. तो दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली होती. मी जळगावजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. दुपारी स्टेशन डायरी लिहीत बसलो असताना शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाने धाडलेला कोतवाल धापा टाकत आला. एका शेतकऱ्याला त्याच्या सुनेने भरितातून काच चारली, असा निरोप होता. हवालदाराला घेऊन सायकलवर निघालो.

ओसरीवर म्हातारा बसला होता. गाव त्याला आबा म्हणे. हनुवटीवर रक्त, सदऱ्यावर रक्त, खालचा ओठ सुजून टम्म. त्याची बायको, अक्का, मला पाहताच ओरडली, "साहेब, हिनी भरीतमा काच घाली! हिनी एक बांगडी कमी शे, हात देखा!"

सून दाराआड उभी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उजव्या हातात एक बांगडी कमी होती. आबांसाठी तिने वेगळं, बिनमिरचीचं भरीत केलं होतं आणि त्या थाळीतलं दुसऱ्या कुणी खाल्लं नव्हतं. अक्का तिला कायमची माहेरी धाडायला निघाली होती. मी गुन्हा नोंदवला असता तर पोर माहेरीही पोचली नसती, थेट कोठडीत गेली असती.

पंचांसमोर भरीत ताब्यात घेतलं, बोटांनी चाळलं. काच नव्हती. "ती त्यासना पोटमा गयी!" अक्का म्हणाली. बाई वकील शोभली असती.

सुनेला बांगडीचं विचारलं तर ती गप्प. दटावलेली बाई बोलत नाही, अधिकच मिटते. मी पाणी मागितलं आणि नुसता बसून राहिलो. मग ती हळूच म्हणाली, "वांगा ठेचताना वाढनी." बांगडी फुटली असं आपल्याकडे तोंडाने म्हणत नाहीत, आणि घरातलं माणूस रक्ताने माखलेलं असताना तर मुळीच नाही. तुकडे तिने तुळशीच्या मातीत पुरले होते. ते उकरून उंबऱ्यावर जुळवले. एक टिकलीएवढा टवका तेवढा सापडला नाही, आणि अक्काला आरोप करायला तेवढा पुरेसा होता.

मी आबांकडे वळलो. "फार दुखतंय का?"

"नही. काहीच दुखत नही."

विषाने तोंड मेलं, असं लोक कुजबुजले. मला मात्र ते खटकलं. काचेने चिरलेला माणूस इतका निवांत बसेल कसा?

"आबा, जेवणाआधी कुठे गेला होतात?"

"जळगावले. दाढ काढाले."

हवालदाराला पिटाळलं. त्याने दाताच्या डॉक्टरांनाच कॅरिअरवर बसवून आणलं. त्यांनी आबांचा ओठ उलटून वरचा सुळा जखमेवर टेकवला. खाच बरोबर बसली.

"घासाबरोबर यांनी स्वतःचाच ओठ चावलाय," डॉक्टर म्हणाले. "मागच्या वर्षी बधिर करायला यांना प्रोकेन टोचलं होतं. त्याचा अंमल लवकर ओसरतो. आता लिग्नोकेन नावाचं नवं औषध आलंय. ते चटकन बधिर करतं, दाढ काढताना कळही येत नाही, पण ओठ कितीतरी जास्त वेळ मेल्यासारखा राहतो. बधिरपणा जाईपर्यंत जेवू नका, असं बजावलं होतं मी."

आबा ओशाळले. "मागला खेपले घर येता येता उतरेल व्हतं. अन भरीतना वास सुटेल व्हता!"

"अन हाई उतरनं नही तं?" अक्काने विचारलं.

"दिवेलागणीपर्यंत दुखायला लागेल," डॉक्टर म्हणाले.

मग आम्ही सगळे बसलो, एका माणसाचं दुखणं सुरू होण्याची वाट बघत. अंगणात सावल्या लांबल्या. सून खांबाला टेकून आबांच्या तोंडाकडे टक लावून होती. अक्का कंदील पुसत असतानाच आबा कळवळले.

"दुखस! पोरी, आते दुखस वं माले!"

दिवसभर डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती पोर तेव्हा हमसून रडली.

तपासात ओरडणाऱ्याकडे सगळेच बघतात. ओरडायला हवं तिथे जो गप्प आहे, त्याला आधी विचारावं, हे मी त्या ओसरीवर शिकलो. तिथे सून गप्प होती आणि आबांचा ओठही गप्प होता.

मी उठलो तेव्हा अक्का माझ्यासमोरच्या थाळीशी आली. तो मुद्देमाल होता, पण मी हात आडवा घातला नाही. सगळ्या गावासमोर तिने त्या भरिताचा मोठा घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला आणि सुनेकडे बघून म्हणाली,

"मीठ कमी शे."