घरटी एक भारा

चर्चमधल्या बायबल अभ्यासासाठी टिपणं काढायचं काम निवृत्तीनंतर माझ्या गळ्यात पडलं. बायको गेल्यापासून दुसरं कामही नव्हतं. बोइसरच्या दोन खोल्यांत मी एका ग्रीक शब्दावर महिना घालवला : फ्रुगानोन. रोमला कैदी म्हणून नेला जाणारा प्रेषित पौल जहाज फुटल्यावर एका बेटाच्या किनाऱ्याला लागतो. पाऊस असतो, थंडी असते. तिथले लोक शेकोटी पेटवतात आणि हा कैदी माणूस स्वतः जळण गोळा करायला लागतो. ते जळण म्हणजे फ्रुगानोन. सबंध नव्या करारात हा शब्द एकदाच येतो. भाजणे, शेकून कोरडं करणे अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो निघाला. म्हणजे ओंडके नव्हेत, तर कडकडीत वाळलेल्या, ठिणगी लागताच पेटणाऱ्या काटक्या. हे उलगडल्यावर मला इतका आनंद झाला की बायकोला सांगायला उठलो. स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर आठवलं, आत कोणी नाही.

तिच्या आजारपणात वाणगावच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरची बाई आमच्याकडे कामाला यायची. ती परवा थोरल्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आली.

"आमच्यात लग्नाच्या चुलीला घरटी एक भारा लाकडं आनतात," ती म्हणाली. "तुमी नुसते या, दादा."

त्या 'नुसते'चा मला राग आला. एकट्या माणसाचं घर हिशेबात धरत नाहीत की काय? पाहुणा म्हणून खुर्चीत बसून बसून मी कंटाळलो होतो. कुठेतरी घर म्हणून मोजलं जावं, एवढीच इच्छा होती.

सोसायटीतल्या बदामाच्या फांद्या नुकत्याच छाटल्या होत्या. कोयत्याने त्यांचे तुकडे केले, कपडे वाळत घालायच्या दोरीने भारा बांधला आणि रिक्षात टाकून पाड्यावर नेला. मांडवात लगेच प्लास्टिकची खुर्ची पुढे आली. मी बसलो नाही. थेट चुलीपाशी गेलो आणि माझी चार लाकडं आत सारली. असा धूर झाला की डाळ ढवळणाऱ्या बायका डोळे चोळत पळाल्या.

"अरं, ही तर ओली हाय!" एक म्हातारी ओरडली. सगळा मांडव हसला. मीही हसलो, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर सुक्या काटक्यांवर पानंच्या पानं खरडणारा शहाणा मी. हातातलं लाकूड सुकं आहे का, हे बघायचं सुचलं नाही.

कामवालीने लाकडं बाहेर ओढली. माझा भारा उचलून घरामागे नेला आणि भिंतीशी उन्हात उभा केला.

"राहू द्या. धाकटीच्या लग्नापरेंत सुकल."

मीही भाऱ्यामागे गेलो होतो, आणि ती म्हातारी माझ्या मागोमाग आली होती. "तुमच्या घरी लगीन कदी? आमी बी भारा आनू."

"आमच्याकडे लग्नाचं कोणी नाही," मी म्हणालो. "मी एकटाच आहे." हे मी पहिल्यांदाच कुणापाशी मोठ्याने बोललो.

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मंग तुमच्या मयतीला आनू. घरटी एक."

आमच्यात पुरतात. लाकूड लागत नाही. मी तिला ते सांगितलं नाही.

"या," मी म्हणालो. "सगळे या."