हिरव्या शाईचे बावीस फॉर्म
राजारामपुरीत पीएच.डी.च्या प्रबंधाची अंतिम प्रत बांधायला टाकली, आणि दुकानातल्या खळीच्या वासानं, जिथं मी पाहणी केली ते सरकारी कार्यालय पुन्हा नाकात शिरलं. तिथंही दिवसभर लखोटे चिकटवत असत. माझा विषय लोकसेवेतलं सेवक-नेतृत्व, म्हणजे साहेब हाताखालच्यांसाठी राबतो की त्यांना राबवतो. मोर्चात पत्रकं वाटावीत तशी मी बावीस कर्मचाऱ्यांना बिननावी प्रश्नावली वाटली. शिपाई मावशींनी हळूच विचारलं, "ताई, खरं लिवलं तर चालतंय न्हवं?" "तेवढंच चालतंय," मी म्हणाले. इतक्यात साहेब केबिनमधून गरजले, "काय वाटायलाय ओ? आणा हिकडं सगळं!" मग दाखल्यांसाठी ताटकळलेल्या माणसांत मीही व्हरांड्यात तीन तास उभी. शेवटी गठ्ठा हातात पडला. "घ्या मॅडम. माझ्या लोकांना कशाला तरास? मीच भरले की सगळ्यांचे. सेवा म्हणत्यात ती हीच!" बावीसही फॉर्मवर 'पूर्ण सहमत', आणि तेही हिरव्या शाईत, जी त्या कार्यालयात एकट्या साहेबांनाच वापरायची मुभा होती. मावशी मान खाली घालून गेल्या. तो राग मी गिळला नाही, जपून ठेवला. आज प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या एका गठ्ठ्यावर उभं आहे. संशोधनाचा नियम म्हणून साहेबांचं नाव कुठंच छापलेलं नाही. पण पुढच्या आठवड्यातली तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली आहे, आणि पहिलं निमंत्रण मी स्वतः साहेबांना देऊन आले. "आमचं कौतुक हाय व्हय त्यात?" त्यांनी विचारलं. "अख्खं प्रकरण तुमचंच हाय साहेब," मी म्हणाले, "घरच्यांनाबी आणा."