तोल कानात असतो

राहू गावात आमच्या सासऱ्यांइतका सरळ माणूस दुसरा नव्हता, आणि हे ते स्वतःच सांगत. ते गवंडी. भिंत तपासायचा दोरीचा ओळंबा नवशिक्यांसाठी असतो असं त्यांचं मत. आबा एक डोळा मिटायचे नि म्हणायचे, "दोन सूत भाईर हाय, पाडा." नवरदेवाचा फेटा, माझा भांग, देवळाचा कळस, सगळंच त्यांना दोन सूत बाहेर दिसे. मी तिथल्याच शाळेत मास्तर, त्यामुळं माझी तपासणी रोजची.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. आबांचा ताप आठवड्यात उतरला, पण ते अंथरुणावरून उठले आणि ओरडले, "घर फिरतंय! कोनी बांधलं हे?"

घर त्यांनीच बांधलं होतं.

दोन दिवस ते भिंतींना शिव्या देत होते. शेवटी मी ओळंबा सोडून दाखवला. दोरी आणि भिंत तंतोतंत. त्यांनी दोरीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जावईबापू, म्हंजी मीच वाकडा?"

मी त्यांना शिरूरला डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर म्हणाले, "आबा, तोल कानात असतो. तापानं आतला कान बिघडलाय. होईल बरा."

"कानात? मग आमचा बहिरा भिकू सरळ कसा चालतो?"

डॉक्टर हसत व्यायाम दाखवू लागले. मला तो प्रश्न रास्त वाटला, अजून वाटतो.

व्यायाम मिळाला तो असा: समोर एका जागी नजर लावून मान डावीउजवीकडं हलवायची. आबा ओट्यावर बसून तेच करत असताना सरपंच आले. "आबा, शाळेची भिंत तुम्हीच बांधा." आबांची मान हलतच होती. सरपंचांनी पुन्हा विनवलं आणि हिरमुसून गेले. काम भांडगावच्या गवंड्याला मिळालं, बांबूची परांची उभी राहिली.

"आरं, मी न्हाई म्हनलोच न्हाई!" म्हणत आबा तडक शाळेपाशी गेले आणि परांचीवर चढले. वर जाताच बांबूला मिठी मारून, डोळे गच्च मिटून बसले. खाली गाव जमलं. कुणी हसलं नाही. मी वर चढलो.

"आबा, माझा खांदा धरा."

"जमीन कुठं हाय?"

"खालीच."

"नक्की?"

पुढं भोवळ कमी होत गेली. तरी बाजाराला निघालो की ते माझा खांदा धरत. एकदा ओढ्यावरच्या अरुंद फळीवरून ते एकटेच, हात पाठीशी बांधून, झपाझप येताना दिसले. मी दिसताच थबकले आणि हात पुढं केला.

मी गेलो, खांदा दिला.